चढत्या भावातील इंधनकर : अमेरिकेच्या अनुभवाचा एक अभ्यास (१९१९–१९९३)

इंधनाचे भाव आधीच चढलेले असताना त्यावरील कर वाढवावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अर्थशास्त्राचा वाटतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, भाव चढलेले असतानाच कर वाढविल्यास लोक इंधनाची काटकसर करतील आणि जो पैसा परदेशी तेल-उत्पादकांकडे जावयाचा तो स्वदेशाच्या तिजोरीत राहील. दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, ज्याला कामावर जाण्यासाठी मोटारीवाचून दुसरे साधनच नाही त्याने काटकसर करावयाची ती कशाची? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु एखाद्या लोकशाही राष्ट्रात ह्या वादाचा निकाल प्रत्यक्षात कसा लागतो, हे केवळ तर्काने कळत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

ह्या दृष्टीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव विशेष उपयुक्त आहे. तेथील संघराज्याचा इंधनकर दर गॅलनला इतके सेंट असा कायद्यानेच ठरलेला असतो. भाव वाढला म्हणून कर आपोआप वाढत नाही. तो वाढवावयाचा तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत उघड ठराव मांडून मते मोजावी लागतात. त्यामुळे कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत वाढ मागितली व तिचे पुढे काय झाले, याची स्वच्छ नोंद मागे राहिली आहे. प्रस्तुत लेखात ह्या नोंदीच्या आधारे दोन गोष्टी तपासावयाच्या आहेत : पहिली, भावाची चढउतार आणि करवाढ यांचा संबंध, दुसरी, कराला दिलेले नाव आणि त्याचे भवितव्य यांचा संबंध.

परिमाणावरील कर आणि किंमतीवरील कर

आरंभी एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. काही कर किंमतीच्या वा उत्पन्नाच्या हिश्शाने आकारले जातात, तर काही मापाने. मराठी करवाचक शब्दांतही हा भेद दिसतो. ‘चौथ’ हा शब्द हिस्सा सांगतो. महसूल वाढला की चौथाई वाढणारच. ‘घरपट्टी’, ‘पाणीपट्टी’ हे शब्द हिस्सा सांगत नाहीत. पैसा कोणत्या वस्तूसाठी द्यावयाचा, एवढेच सांगतात. अमेरिकेचा इंधनकर हा मापावर बसविलेला असून वृत्तीने पट्टीच्या जातीचा आहे.

ह्या रचनेचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. १९६० मध्ये साध्या पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला सुमारे ३१ सेंट होता आणि संघराज्याचा कर ४ सेंट, म्हणजे भावाच्या जवळजवळ १३ टक्के. १९८० मध्ये भाव ११९ सेंटांवर गेला. कर मात्र ४ सेंटच राहिला. त्याचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्याही खाली आले. अर्थात् ज्या वर्षी करवाढीविरुद्ध सर्वांत मोठा गिल्ला झाला, त्या वर्षी हा कर प्रमाणाने तोपर्यंतच्या काळातील सर्वांत हलका होता. लोकांना जाणवतो तो एकूण भाव. त्यातील कर कोणता व नफा कोणता, हे पंपावर उभ्या असलेल्या माणसाला वेगळे करून दिसत नाही. म्हणून भावाचा राग कराच्या वाट्याला येतो.

रस्त्याचा करार

मोटारीच्या इंधनावर प्रथम कर बसविला तो ऑरेगन संस्थानाने, १९१९ मध्ये. दर गॅलनला एक सेंट होता आणि उत्पन्न रस्त्यांसाठी राखलेले होते. ही कल्पना इतक्या झपाट्याने पसरली की, दहा वर्षांत, १९२९ पर्यंत, सर्व ४८ संस्थानांनी तिचा स्वीकार केला. नव्या कराला एवढी अल्प विरोधाची वाट क्वचितच मिळते. त्याचे कारण उघड आहे. चिखलाचे रस्ते पक्के व्हावेत असे ज्याला वाटत होते तोच मोटारवाला कर देत होता आणि दिलेल्या पैशाचे फळ त्याच्या चाकांखाली दिसत होते.

संघराज्याचा कर मात्र निराळ्या कारणाने आला. मंदीच्या काळात अंदाजपत्रकाची तूट भरून काढण्यासाठी हूव्हर यांच्या कारकीर्दीत १९३२ च्या महसूल कायद्याने गॅलनमागे एक सेंट बसविण्यात आला. तो तात्पुरता म्हणून आला व कायम झाला. उत्पन्नाचे हे साधन आपले, अशी संस्थानांची भावना असल्यामुळे त्यांनी विरोध केला; पण तो टिकला नाही. १९४० मध्ये हा दर दीड सेंट आणि १९५१ मध्ये, कोरियन युद्धाच्या काळात, दोन सेंट झाला.

१९५६ मध्ये ह्या कराचे स्वरूपच पालटले. आयझेनहॉवर यांनी २९ जून रोजी सही केलेल्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना हाती घेतली, दर तीन सेंट केला आणि उत्पन्न स्वतंत्र ‘महामार्ग न्यासनिधी’त जमा करण्याची व्यवस्था केली. १९५९ मध्ये दर चार सेंट झाला. ‘न्यास’ हा शब्द येथे केवळ हिशेबाचा नव्हता. न्यास म्हणजे दुसऱ्याची ठेव. मोटारवाल्यांनी दिलेला पैसा सरकारचा नसून मोटारवाल्यांचाच आहे, सरकार केवळ राखणदार आहे, असा अर्थ त्यातून लोकांनी घेतला. जो कर तूट भरण्यासाठी जन्मला होता तो अशा रीतीने रस्त्याचा मोबदला ठरला. पुढील सर्व वाद ह्या अलिखित कराराच्या छायेत झाले.

१९७३ ते १९७७ : काटकसरीसाठी कर

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली. पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला अरबी तेलाचा अधिकृत भाव जानेवारी १९७४ मध्ये ११.६५ डॉलर झाला. अमेरिकेतील पेट्रोलचा सरासरी भाव १९७३ च्या ३९ सेंटांवरून १९७४ मध्ये ५३ सेंटांवर गेला. आता इंधनकराचा एक नवा हेतू पुढे आला : रस्ते बांधणे नव्हे, तर पेट्रोल महाग करून त्याचा खप कमी करणे.

हा हेतू राजकारणात किती अप्रिय होता हे लवकरच दिसून आले. फोर्ड यांच्या कारभारातील ऊर्जा-प्रशासक जॉन सॉहिल यांनी पेट्रोलकराची कल्पना उघडपणे मांडली. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. स्वतः फोर्ड यांनी पेट्रोलवर कर न बसविता १९७५ च्या आरंभी आयात तेलावर पिंपामागे एक डॉलरचे परवानाशुल्क बसविले व जूनमध्ये आणखी एक डॉलर वाढविला. हे शुल्क काँग्रेसच्या मतावर नव्हे, तर राष्ट्रीय सुरक्षिततेसाठी आयात नियंत्रित करण्याच्या जुन्या व्यापारकायद्यातील अधिकारावर आधारलेले होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. तोपर्यंत फोर्ड यांनी ते मागे घेतले होते. पण वाट मोकळी झाली होती.

काँग्रेसच्या बाजूने प्रयत्न केला तो प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष अल् उलमन यांनी. तीन सेंट ताबडतोब आणि खप वाढत राहिल्यास टप्प्याटप्प्याने आणखी वीस सेंटांपर्यंत, अशी त्यांची योजना होती. जून १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने वीस सेंटांचे कलम ३४५ विरुद्ध ७२ मतांनी काढून टाकले व तीन सेंटांचेही तेच झाले. दोन वर्षांनी, एप्रिल १९७७ मध्ये, कार्टर यांनी तीच कल्पना अधिक विचारपूर्वक मांडली : ठरविलेल्या मर्यादेपेक्षा खप वाढला तरच १९७९ पासून दरसाल पाच सेंट, एकूण पन्नास सेंटांपर्यंत, आणि जमा होणारा पैसा नागरिकांना परत. प्रतिनिधिगृहात तीही टिकली नाही.

परतफेडीचे आश्वासन असतानाही लोक का पटले नाहीत, हा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. कर आज द्यावयाचा होता, परतफेड उद्या मिळावयाची होती. आणि परतफेड सरासरीने होणार असली तरी कोणाचेही जीवन सरासरीने चालत नाही. जेथे आगगाडी नाही, बस नाही आणि कारखाना तीस मैलांवर आहे, तेथील मजुराला सरासरीहून अधिक पेट्रोल लागते. श्रीमंताच्या खर्चात पेट्रोलचा वाटा अल्प असतो. गरिबाच्या खर्चात तो मोठा असतो. मापावरील कर हा भेद जाणत नाही. ग्रामीण भागाच्या प्रतिनिधींचा विरोध ह्या अनुभवातून आलेला होता. त्याला केवळ मतांचा लोभ म्हणणे न्यायाचे होणार नाही.

१९८० : शुल्क की कर?

इराणमधील क्रांतीनंतर तेलाचे भाव पुन्हा भडकले. १९७८ मध्ये ६३ सेंट असलेले पेट्रोल १९८० मध्ये ११९ सेंटांवर गेले. चलनवाढही बेसुमार होती. नेमक्या ह्या क्षणी, १४ मार्च १९८० रोजी, कार्टर यांनी आयात तेलावर पिंपामागे ४.६२ डॉलरचे शुल्क जाहीर केले. व्यवस्था अशी होती की, शुल्क बंदरात घ्यावयाचे, पण त्याचा सर्व भार केवळ पेट्रोलवर, स्वदेशी तेलापासून केलेल्या पेट्रोलवरसुद्धा, वळवावयाचा. १५ मे पासून ग्राहकाला गॅलनमागे सुमारे दहा सेंट अधिक पडणार होते. ह्या आकारणीचे नाव ‘पेट्रोल-संरक्षण शुल्क’ असे ठेवण्यात आले होते.

येथे शब्दाची निवड निर्णायक ठरली. ‘कर’ म्हटले असते तर काँग्रेसची संमती अपरिहार्य होती. ‘शुल्क’ म्हटल्याने फोर्ड यांनी मोकळी केलेली वाट वापरता येत होती. परंतु नाव बदलल्याने वस्तूचे स्वरूप बदलत नाही. १३ मे रोजी, म्हणजे शुल्क पंपावर पोचण्यास दोन दिवस उरले असताना, वॉशिंग्टनमधील संघराज्य न्यायाधीश ऑब्री रॉबिन्सन यांनी ते रद्द ठरविले. आयातीवरील परिणाम अल्प व अप्रत्यक्ष असून मुख्य भार देशांतर्गत पेट्रोलवर पडतो, तेव्हा आयात नियंत्रित करण्याचा अधिकार येथे लागू होत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. ज्या देशात दररोज साठ लाखांहून अधिक पिंपे तेल बाहेरून येत होते, तेथे ह्या उपायाने सुरुवातीस वाचणार होती एक लाख पिंपे.

काँग्रेसने न्यायालयाच्या अपिलाची वाट पाहिली नाही. शुल्क रद्द करणारे कलम कर्जमर्यादेच्या विधेयकाला जोडण्यात आले. कार्टर यांनी नकाराधिकार वापरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रतिनिधिगृहाने ३३५ विरुद्ध ३४ आणि सिनेटने ६८ विरुद्ध १० मतांनी तो फेटाळला. डेमोक्रॅटिक अध्यक्षाचा नकाराधिकार डेमोक्रॅटिक बहुमताच्याच काँग्रेसने मोडून काढण्याचा प्रसंग १९५२ नंतर प्रथमच आला होता.

त्याच वर्षी अध्यक्षपदासाठी स्वतंत्रपणे उभे राहिलेले जॉन अँडरसन यांनी मांडलेली योजना विचाराच्या दृष्टीने अधिक सुसंगत होती : पेट्रोलवर गॅलनमागे पन्नास सेंट कर आणि त्याच्या बदल्यात कामगारांच्या वेतनातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक सुरक्षा करात पन्नास टक्के सूट. हा पैसा कोठे जाणार, याचे उत्तर योजनेच्या नावातच होते. अँडरसन यांना सुमारे साडेसहा टक्के मते मिळाली. त्यावरून योजनेविषयी निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. पण ती कोणत्याही मोठ्या पक्षाने पुढे उचलली नाही, हे खरे.

१९८२ ते १९९३ : यशस्वी वाढी

आता जे साधले त्याकडे वळावे. सप्टेंबर १९८२ मध्ये रेगन यांनी पत्रकारांना असे सांगितले होते की, राजवाड्यात बंड होऊन आपण पदच्युत झालो तरच पेट्रोलकर वाढेल. दोनच महिन्यांनी त्यांनी स्वतः पाच सेंट वाढीचा पुरस्कार केला. दळणवळण-मंत्री ड्रू लुईस यांनी मोडकळीस आलेले पूल व उखडलेले महामार्ग पुढे केले होते आणि बेकारीच्या दिवसांत कामे निघणार होती. रेगन यांनी ह्या वाढीला कर न म्हणता ‘वापरशुल्क’ म्हटले. सिनेटमध्ये जेसी हेल्म्स प्रभृतींनी लांबण लावूनही विधेयक संमत झाले आणि १ एप्रिल १९८३ पासून दर चारांवरून नऊ सेंट झाला. पाचांपैकी एक सेंट सार्वजनिक वाहतुकीसाठी होता. कार्टर यांचे ‘शुल्क’ बुडाले आणि रेगन यांचे तरले, याचे कारण केवळ वक्तृत्व नव्हे. रेगन यांच्या शब्दामागे १९५६ चा करार उभा होता. पैसे द्या आणि रस्ता घ्या, हा व्यवहार लोकांना परिचित होता. शिवाय १९८१ पासून पेट्रोलचे भाव उतरू लागले होते. नवे पाच सेंट त्या उताराच्या पोटात सामावले.

चढत्या भावात करवाढ साधल्याचे ह्या काळातील एकमेव उदाहरण १९९० चे होय. २ ऑगस्ट रोजी इराकने कुवेत व्यापले आणि तेलाचा भाव दोन महिन्यांत दुपटीजवळ गेला. इकडे अंदाजपत्रकी तुटीवर तोड काढण्यासाठी चाललेल्या वाटाघाटींत पेट्रोलवर दहा सेंट वाढ ठरली. ५ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहाने तो समझोताच २५४ विरुद्ध १७९ मतांनी फेटाळला. अखेरच्या कायद्यात वाढ निम्मी, म्हणजे पाच सेंट राहिली. १ डिसेंबरपासून दर १४.१ सेंट झाला. ह्या वाढीतील अर्धा भाग न्यासनिधीऐवजी तूट कमी करण्याकडे वळविण्यात आला. १९५६ नंतर करारातील ही पहिली मोठी चीर होती. मात्र ही वाढ एकटी आली नव्हती. ती अनेक करांच्या व खर्चकपातीच्या एका गाठोड्यात बांधलेली होती. जानेवारीत युद्ध सुरू होताच तेलाचे भाव कोसळले आणि पाच सेंट लोकांच्या लक्षातून गेले. लक्षात राहिले ते नवे कर न लावण्याचे थोरले बुश यांचे १९८८ चे वचन. १९९२ च्या पराभवात त्या वचनभंगाचा वाटा मोठा मानला जातो.

१९९३ मध्ये क्लिंटन यांनी सर्व इंधनांवर उष्णताशक्तीच्या प्रमाणात कर सुचविला. प्रतिनिधिगृहात तो कसाबसा संमत झाला, सिनेटमध्ये गळाला, आणि त्याच्या जागी पेट्रोलवर ४.३ सेंट आले. सिनेटमध्ये समसमान मते पडल्याने उपाध्यक्ष गोर यांच्या मताने निर्णय झाला. त्या वर्षी पेट्रोलचे भाव आदल्या वर्षापेक्षा कमीच होते. दर १८.४ सेंट झाला आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत तो एकदाही वाढला नाही.

‘करसुट्टी’ आणि तिचे मोल

१९९३ नंतर भाव चढले की चर्चा वाढीची नव्हे, तर माफीची होऊ लागली. १९९६ मध्ये बॉब डोल यांनी ४.३ सेंट रद्द करण्याची मागणी केली. २००८ मध्ये भाव चढत असताना मॅकेन व हिलरी क्लिंटन यांनी उन्हाळ्यापुरती ‘करसुट्टी’ मागितली. ओबामा यांनी विरोध केला. जून २०२२ मध्ये भाव पाच डॉलरांच्या आसपास असताना बायडन यांनी तीन महिन्यांची सुट्टी मागितली. काँग्रेसने दिली नाही. जॉर्जिया, मेरीलँड अशा काही संस्थानांनी मात्र आपापले कर काही काळ स्थगित केले. मराठीत ‘सूट’ आणि ‘सुट्टी’ हे दोन्ही शब्द ‘सुटणे’ ह्या एकाच क्रियापदाच्या गोतातील आहेत. पण सूट मिळाली की देणे कमी होते, सुट्टी संपली की काम पुन्हा समोर उभे राहते. इंधनकराच्या बाबतीत दुसराच अर्थ खरा ठरला.

कारण कर न वाढविण्यालाही किंमत असते. १९९३ च्या १८.४ सेंटांची क्रयशक्ती तीस वर्षांत निम्म्याहून खाली आली. सप्टेंबर २००८ मध्ये न्यासनिधी कोरडा पडण्याच्या बेतात आला, तेव्हा सर्वसाधारण तिजोरीतून आठ अब्ज डॉलर त्यात घालावे लागले. त्यानंतरही अशी भर वारंवार घालावी लागली. म्हणजे ज्याच्याजवळ मोटार नाही त्याच्या करातूनही महामार्गांचा खर्च होऊ लागला. १९५६ चा करार कोणी मोडला नाही. तो नुसता झिजत गेला.

एक भारतीय तुलना

पेट्रोलवरील कर आणि रस्ता यांची सांगड भारतातही जुनी आहे, आणि तिच्याशी एका महाराष्ट्रीय विद्वानाचे नाव निगडित आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते-विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर हे होते; पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच झाले. समितीच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांची जादा आकारणी बसविण्यात आली आणि तिच्या उत्पन्नातून केंद्रीय रस्तानिधी निर्माण झाला. ऑरेगनमधील तत्त्व ते हेच. पुढच्या काळात मात्र भारतात कार्यकारी सत्तेला दर बदलण्याची मोकळीक अधिक राहिली. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ ह्या काळात तेलाचे भाव कोसळत असताना केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढविले. भाव उतरत असताना वाढविलेला कर ग्राहकाला वाढ म्हणून दिसत नाही. न मिळालेली स्वस्ताई हेच त्याचे रूप असते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ठरतात. पहिली, अमेरिकेत १९५६ पासून झालेल्या पाच मोठ्या वाढींपैकी चार भाव स्थिर वा उतरते असताना झाल्या. चढत्या भावातील एकटी १९९० ची वाढ निम्मी होऊन आणि इतर करांच्या गर्दीत लपून आली. दुसरी, केवळ इंधन महाग करण्याच्या हेतूने सुचविलेला कर, मग त्याचे नाव कर असो वा शुल्क, १९७५, १९७७ व १९८० अशा तिन्ही वेळी पराभूत झाला. तिसरी, नावाचे बळ त्यामागील व्यवहाराइतकेच असते. ‘वापरशुल्क’ टिकले, कारण वापरावयाचा रस्ता समोर होता. ‘संरक्षण शुल्क’ टिकले नाही, कारण संरक्षण कोणाचे, हे पैसे देणाऱ्याला दिसले नाही.

चढत्या भावात इंधनकर वाढविणे अशक्य आहे, असे मात्र ह्यावरून सिद्ध होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये रस्त्यांसाठी गॅलनमागे बारा सेंट वाढविले. पुढल्या वर्षी ती वाढ रद्द करण्याचा प्रस्ताव लोकमताला टाकला गेला, तेव्हा त्या संस्थानात पेट्रोल इतर बहुतेक संस्थानांपेक्षा महागच होते. तरीही मतदारांनी प्रस्ताव फेटाळला आणि कर राखला. लोक कराला भितात हे अर्धसत्य आहे. ज्या पैशाचा पत्ता लागत नाही त्या पैशाला ते अधिक भितात. महागाईच्या दिवसांत इंधनावर नवा भार घालू पाहणाऱ्या राज्यकर्त्याने दर किती, हे सांगण्याआधी दूरच्या कामगाराला पर्याय कोणता आणि जमलेला पैसा कोठे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावयास हवीत. ज्यांनी ती ठेवली नाहीत त्यांच्या ठरावांची गत काँग्रेसच्या मतनोंदींत आकड्यांनिशी लिहिलेली आहे.